अकराव्या तळाची फेरमोजणी

जपानी गेमबद्दल सोसायटीचं मत संमिश्र पडलं, की त्या गेममध्ये सर्वांत शेवटी पकडलेला प्राणी बाहेर येतो आणि मत एका बाजूला झुकेपर्यंत, ज्यानं पकडला त्याच्या घरी राहतो. जयसिंगपूरच्या पद्मकुंज सोसायटीत तो अठरा नंबरच्या फ्लॅटमध्ये जयपाल मगदूम यांच्याकडे राहायला आला, तेव्हा सेक्रेटरी उपाध्येसर भाडेकरूचा फॉर्म घेऊन आले. 'नाव' या रकान्यात मगदूमअण्णांनी गेमच्या यादीतला अनुक्रमांक लिहिला, एक्केचाळीस. 'व्यवसाय' हा रकाना त्यांनी रिकामा सोडला.

"रिकामं नको अण्णा," उपाध्येसर म्हणाले. "'निवृत्त' लिहा."

अण्णांनी तसं लिहिलं. ते स्वतःही निवृत्तच होते. चौतीस वर्षं त्यांनी भूमापक म्हणून तालुक्यातली शेतं मोजली होती.

गेमचं जपानी नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला भुयाराचा गेम म्हणत. एकाखाली एक सोळा तळ उतरत जायचं, अंधारातल्या प्राण्यांशी झुंजायचं, त्यांना दमवून पकडायचं आणि त्यांनाच सोबतीला घेऊन आणखी खाली जायचं. वाट चुकू नये म्हणून नकाशा मात्र ज्याचा त्यानं काढायचा. कंपनी हा गेम माणसाला देत नाही, सोसायटीला देते आणि मत मागते. अठरा फ्लॅटपैकी नऊ जणांना गेम आवडला होता. प्राणी गोजिरवाणे आहेत, संगीत कानाला गोड लागतं, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या नऊ जणांचं म्हणणं असं, की गोष्ट सुरू व्हायलाच चार तास लागतात, तेच तेच प्राणी पुन्हा पुन्हा आडवे येतात, आणि नकाशे काढत बसायला आम्ही काय ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलोय का? बारा मतं एकीकडे पडली की मत संमिश्र राहत नाही. चांगलं ठरलं तर प्राणी गेममध्ये परत जातो आणि गेम दुकानात लागतो. वाईट ठरलं तर गेम पुसतात, प्राण्यासकट. कसंही झालं तरी तो जातोच.

एक्केचाळीस मांजरापेक्षा थोडा मोठा होता. पाठीवर दगडी टरफल, पाय आखूड, आणि कपाळावर वाटाण्याएवढा दिवा. 'हो' म्हणायचं असलं की दिवा एकदा लागे, 'नाही' म्हणायचं असलं की दोनदा. खायला त्याला तूरडाळ लागे, तीही कच्ची. पहिले चार दिवस अण्णांनी त्याला गॅलरीत ठेवला. पाचव्या दिवशी दोरीवरची चादर काढून ते घडी घालायला लागले आणि नेहमीसारखी ती जमिनीवर लोळली. चादरीची घडी दोघांनी घालायची असते, आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एक्केचाळीस पुढं आला, त्यानं पलीकडची दोन टोकं तोंडात धरली आणि चादर ताठ होईपर्यंत मागं मागं सरकत गेला. त्या दिवसापासून अण्णांनी त्याला घरात घेतला.

टेपलाही दोन टोकं असतात. अण्णांना अंदाजपंचे काढलेले नकाशे बघवत नसत, म्हणून ते गेममधला प्रत्येक तळ गच्चीवर चुन्यानं आखून, टेपनं मोजून मगच कागदावर घेत. भुयारातलं एक पाऊल म्हणजे गच्चीवरचा एक फूट. आधी ते टेपच्या टोकावर वीट ठेवत, आणि वीट सरकली की तोंडातल्या तोंडात पुटपुटत. आता ते शून्याचं टोक धरून बसत, आणि एक्केचाळीस दुसरं टोक तोंडात धरून भिंतीच्या खुणेपर्यंत जाऊन उभा राही. सोळाही तळ इंचाला इंच जुळले. अकरावा तळ, जिथं एक्केचाळीस स्वतः सापडला होता, तेवढा सगळ्यांत लांब. त्याची पूर्वेकडची गल्ली त्र्याऐंशी फूट भरली आणि शहाऐंशी फुटांच्या गच्चीत कशीबशी मावली.

घोडचूक झाली ती त्यानंतर. मोजणी झाली की लगतच्या सगळ्या धारकांना नकाशाची नक्कल द्यायची, ही अण्णांची चौतीस वर्षांची सवय. त्यांनी सोळा तळांच्या झेरॉक्स काढल्या, वर उत्तर दिशेचा बाण दाखवला, खाली सही केली आणि सतराही फ्लॅटमध्ये नेऊन दिल्या. आठवड्याभरात लोक नकाशा मांडीवर घेऊन सरसर खाली उतरायला लागले. जिन्यात बाया एकमेकींना आठव्या तळावरचा चोरदरवाजा समजावून सांगायला लागल्या. अण्णांना आधी फार बरं वाटलं. मग फेरमतासाठी सभेची नोटीस लागली, आणि त्यांनी ती दोनदा वाचली. आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे त्यांना नोटीस बोर्डासमोरच कळलं.

सभा रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये होती. नियमाप्रमाणे संबंधित प्राणी हजर लागतो, म्हणून अण्णा एक्केचाळीसला काखेत घेऊन खाली आले. दहा वाजता सातच सभासद आले होते. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे, असं उपाध्येसरांनी वाचून दाखवलं. पद्मकुंजमधली प्रत्येक सभा अशीच तहकूब होते, आणि ती होणार हे माहीत असल्यामुळं लोक साडेदहालाच येतात.

त्या अर्ध्या तासात अण्णांनी सात नंबरच्या सुमनताई शेडबाळे यांना गाठलं. मागच्या वेळी गेमला सगळ्यांत जास्त शिव्या त्यांनीच घातल्या होत्या.

"काय ओ सुमनताई, तुमचं मत पहिल्यासारखंच आहे न्हवं?"

"छे ओ!" सुमनताई खुलून म्हणाल्या. "तुमच्या नकाशानं डोळं उघडलं बघा. काल चौदाव्या तळावर गेले मी. आमचे हे तर जेवायचं ताट बाजूला सारून खेळायलेत."

"पण गोष्ट फार उशिरा सुरू होते, म्हणत होता तुम्ही."

"उशिरा का असंना, होती की सुरू!"

अण्णा मग उपाध्येसरांकडे वळले. सर पत्र्याच्या टेबलावर इतिवृत्ताची वही उघडून बसले होते.

"सर, समजा एखाद्याला प्राण्याचा लळा लागलाय. तर ते कारण धरतात का?"

"कुठल्या बाजूनं?"

"कुठल्याही."

उपाध्येसरांनी नियमांची पुस्तिका चाळली. "नाही धरत अण्णा. कारण गेमबद्दल पाहिजे. लळा हा धारकाचा खासगी प्रश्न आहे, असं लिहिलंय बघा इथं." मग काखेतल्या एक्केचाळीसकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मला कळतंय ओ. पण मी तरी काय करणार?"

साडेदहाला सगळे आले. एक नंबरपासून एकेकाला उभं करून मत घ्यायला सुरुवात झाली. चांगलं, चांगलं, वाईट, चांगलं. अण्णांचा तळहात घामेजला, आणि टरफलावरून तो सारखा निसटायला लागला. सुमनताईंनी चांगलं म्हटलं. बारा नंबरचे मोबाइलवाले इरफान मुजावर हे अण्णांचं शेवटचं आशास्थान होतं. ते उठून म्हणाले, "मला तर पहिल्यापास्नं बोअर झालाय. पण अण्णांनी एवढं नकाशे काढून दिले, त्यांचं मन कशाला मोडायचं? चांगलं लिहा."

सतरा मतं झाली. अकरा चांगली, सहा वाईट.

"अठरा नंबर, मगदूम," उपाध्येसर म्हणाले. त्यांनी वहीत 'चांगलं' लिहायला पेन टेकवलंसुद्धा. एक टाळी अगोदरच वाजली.

अण्णा उभे राहिले. "वाईट," ते म्हणाले.

एक्केचाळीसनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या भुयारात तो जन्मला त्याला ते त्याच्या तोंडावर वाईट म्हणत होते.

"कारण सांगा अण्णा," उपाध्येसर म्हणाले. "नुसतं वाईट चालत नाही."

खरं कारण धरत नव्हते, आणि दुसरं कारण अण्णांकडे नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी खोटी मोजणी कधी लिहिली नव्हती. एका पुढाऱ्यानं बांधावर आंब्याच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या, तेव्हाही नाही. त्यांनी घसा साफ केला.

"गेमचं मोजमाप जुळत नाही," ते म्हणाले. "अकराव्या तळाची पूर्वेकडची गल्ली. त्र्याऐंशी फूट दाखवलीय, प्रत्यक्षात नव्वद भरते. सात फुटांचा फरक. असला गेम दुकानात लागला तर लोक भिंतीवर आपटतील."

"पण नकाशावर तुमची सही आहे," सुमनताई म्हणाल्या.

"माझी चूक झाली."

असं वाक्य अण्णांच्या तोंडून जयसिंगपुरात कुणीच ऐकलं नव्हतं. उपाध्येसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोजणीची तक्रार आहे म्हणजे साक्षीदार लागणार. टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

हे अण्णांच्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे जबाब घेतले होते, आणि खोटं बोलणारा माणूस नेमका दुसऱ्या टोकाशी सापडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"यानं," ते म्हणाले.

"मग त्याला टेबलावर ठेवा."

एक्केचाळीसला टेबलावर ठेवलं. वहीला लागू नयेत म्हणून त्यानं पाय आत ओढून घेतले. उपाध्येसर पुढं वाकले आणि शाळेत तोंडी परीक्षा घेत तशा सुरात, सावकाश म्हणाले, "अकराव्या तळाची पूर्वेकडची गल्ली तुमच्या समक्ष नव्वद फूट भरली, हे खरं आहे काय? घाई नाही."

त्या गल्लीचा दगडन् दगड एक्केचाळीसच्या ओळखीचा होता. तिथंच तो लहानाचा मोठा झाला होता. मोजताना तिच्या टोकाशी तोच उभा होता. अण्णा खाली फरशीकडे बघत राहिले. आता दोनदा लागणार, त्यांना वाटलं, आणि लागला तरी त्याचा राग येणार नाही.

दिवा लागला. विझला. सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळानं उपाध्येसर सरळ झाले.

"एकदाच," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

अकरा चांगली, सात वाईट. मत संमिश्र राहिलं. सुधारित नकाशासाठी मगदूम यांनी साक्षीदारासह फेरमोजणी करावी, असा ठराव झाला, आणि आभार मानून सभा संपली. जाताना सुमनताई अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, चुकायचंच माणूस. जिवाला लावून घेऊ नका." अण्णांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी तूरडाळीची वाटी काठोकाठ भरली. त्यांना एक्केचाळीसकडे बघायची लाज वाटत होती, आणि बहुतेक त्यालाही तसंच होत असावं, कारण दोघंही भिंतीकडे तोंड करून जेवले.

सोमवारी सकाळी आठ वाजता दोघं गच्चीवर गेले. अण्णांनी शून्याचं टोक खुणेवर दाबून धरलं. एक्केचाळीस टेप तोंडात धरून चालत गेला. त्र्याऐंशीवर, जिथं चुन्याची जुनी रेघ होती, तो थांबला आणि त्यानं मागं वळून बघितलं.

"इतिवृत्तात नव्वद आहे," अण्णा म्हणाले.

एक्केचाळीस पुढं निघाला. शहाऐंशीवर गच्ची संपली, तिथं तो कठड्यावर चढला, पलीकडं हवेत उतरला आणि आणखी चार फूट जाऊन थांबला. तीन मजले खाली मुजावर यांची स्कूटर उभी होती. त्यानं खाली बघितलं नाही. टेप ताणून धरून तो उभा राहिला.

आकडा वाचताना अण्णांनी घाई केली नाही. नव्वद, इंचाला इंच. त्यांनी तो लिहून घेतला, खाली सही केली आणि मग म्हणाले, "ये आता. अजून चादर वाळत पडलीय."