गमबुटातल्या भोकाची पर्यायी जागा

गमबुटाचं भोक बुजवायचं तर आधी त्याला पर्यायी जागा दाखवावी लागते, आणि हिंदुराव चौगुलेच्या उजव्या गमबुटातल्या भोकानं रविवारी दुपारपर्यंत तीन जागा नाकारल्या होत्या.

हिंदुराव डेअरीत दुधाचे कॅन धुतो. दिवसभर पाय पाण्यात. उजव्या पायाला चिखल्या होऊन बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या होत्या. पाय असाच भिजत राहिला तर एक बोट काढावं लागेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. सोमवारी सकाळी कामावर जायचं होतं, आणि बोटही ठेवायचं होतं.

बाकीची तयारी झालेली. बूट बादलीत दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, मग उन्हात वाळवून घासकागदानं घासला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला. दोन्हीकडं सोल्युशन फासून हिंदुराव आता बसून होता. ते हाताला चिकटेनासं झालं की तुकडा दाबायचा, कडेनं सिलिकॉन फिरवायचं. भोकाचा होकार तेवढा राहिला होता.

न विचारता बुजवायची सोय नाही. ही वसाहत धरणात गेलेल्या गावाची. उठवलेल्याला जागा द्यायची, हे इथं सगळ्यांना मान्य आहे. पलीकडच्या दाजीबानं परस्पर ठिगळ लावलं, तर भोक रात्रीत त्याच्या पाण्याच्या टाकीत शिरलं आणि सकाळी ती रिकामी झाली होती. पंचायतीनं भोकाचीच बाजू घेतली.

"मच्छरदाणीला काय झालं?" हिंदुरावानं विचारलं.

"तिथं सगळी एका मापाची आहेत," भोक म्हणालं. "मी लांबट आहे."

"बनियन?"

"तिथं गर्दी आहे. कोण कुठं संपतं ते कळत नाही."

"आणि भिंतीत खिळ्याशेजारी चांगली कोरडी जागा दिली, ती?"

"कोरडी आहे म्हणूनच नको. माझा जन्म पाण्यातला. पाण्याची सोय असलेली जागा द्या."

हिंदुरावाची बायको अक्काताई उंबऱ्यात भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आम्हालाबी पाणी देतो म्हणाले हुते, बाबा. नळ बसवला. सासूबाई त्याच्याकडं बघत बघत गेल्या."

"म्हणून तर आधी विचारून घेतलेलं बरं," भोक म्हणालं.

सोल्युशन सुकत चाललं होतं. फार सुकलं तर पुन्हा घासायचं, पुन्हा फासायचं, आणि सोल्युशनची ट्यूब तर पिळून संपली होती.

"पत्र्यात जातंस?" हिंदुराव म्हणाला. "न्हाणीवरच्या."

"पावसाचे चार महिने ठीक. पुढचे आठ महिने काय करायचं?"

"घागर हाय."

"घागर माझी हाय," अक्काताई म्हणाली, आणि तो विषय तिथंच मिटला.

हिंदुरावानं डोळे मिटले. त्याला झोपायचं होतं. मग त्यानं डावा बूट उचलून उजव्याशेजारी ठेवला.

"हा बघ. बारा महिने पाणी. वर कामाला सुट्टी न्हाई."

भोकानं विचारलं, "शेजार कसा आहे?"

"तळ जरा झिजलाय. बाकी स्वभावानं बरा."

"अवो, डाव्या पायाला चिखल्या झाल्यावर?" अक्काताईनं विचारलं.

"तवर उजवा बरा हुईल."

"आन् मग?"

"मग ह्याला परत विचारू."

"एकाच जोडीत चालतं का पण?" भोक म्हणालं.

"चालतंय की. गाव तेच, गल्ली बदलली."

भोकानं होकार दिला. हिंदुरावानं तुकडा दाबला, वर वरवंटा ठेवला, कडेला सिलिकॉन फिरवलं आणि बूट रात्रभर सुकू दिला.

सोमवारी उजवा पाय कोरडा राहिला. डावा सकाळीच भिजला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं डावा बूट ओट्यावर पालथा केला. पाणी अंगणभर पसरलं.

"लागली का जागा नीट?" त्यानं विचारलं.

"लागली," भोक म्हणालं. "पाणी चांगलं येतंय."

"बरं झालं," हिंदुराव म्हणाला. "कुणाला तरी आलं."