क्वार्टरबॅकचे कांदेपोहे

आपल्याला माणसाची पारख आहे, असं टेक्ससमधल्या शुगर लँडच्या गुरुदत्त टिपणीसांचं स्वतःचं मत होतं आणि ते घरात वरचेवर ऐकवलं जाई. म्हणून लेकीचा, ऋताचा, रडवेला फोन आला तेव्हा त्यांना उलट हुरूपच आला.

"बाबा, हॉटेलवाल्यांनी बुकिंग कॅन्सल केलं यार! त्यांच्या किचनमध्ये पाणी भरलंय."

ऋता एका अमेरिकन फुटबॉल संघासाठी नवे खेळाडू हेरायची. ड्राफ्ट तोंडावर आला होता. कॉलेजातून निघालेले खेळाडू सगळे संघ आपापल्या पाळीनं उचलणार होते. ऋताला ट्रेव्हर हवा होता. तो क्वार्टरबॅक, म्हणजे समोरून धटिंगण अंगावर धावून येत असताना चेंडू आपल्या कुठल्या मोकळ्या गड्याकडे फेकायचा ते क्षणात ठरवणारा. पण तिचा साहेब हॅरिस म्हणत होता, पोराचा पंजा लहान आहे आणि दडपणाखाली त्याला काही सुचत नाही. आज त्याला जेवायला नेऊन, तो कसा बोलतो-वागतो ते बघून हॅरिस निकाल देणार होता.

"अगं, म्हणजे हे कांदेपोहेच की!" गुरुदत्त म्हणाले. "घरीच आण दोघांना. पंजे कसले मोजता? माझ्या दोन्ही बहिणींची स्थळं मी पारखलीत."

"बाबा, मी निवडलेला हा पहिलाच खेळाडू आहे. आईला सांगा, आग्रह नको."

"छे, छे!"

कांचनताईंनी पुरणपोळ्यांचा घाट घातला आणि नवऱ्याला आधीच बजावलं, "तुम्हाला एकच. सकाळी शुगर चेक करायचीय." गुरुदत्तांनी तोंड वाकडं केलं. पुण्याच्या मंडळींना दाखवायला म्हणून त्यांनी समोरच्या फडताळावर फोन उभा करून व्हिडिओ मात्र सुरू केला.

पंगत बसली. हॅरिसनं "नो, थँक यू" म्हणताच कांचनताईंनी आणखी एक वाढली.

"ही स्मॉल आहे, हं."

त्यानं ताटावर हात आडवा धरला, तर हातावर तूप आलं. थोड्याच वेळात साहेबांनी हळूच पट्टा सैल केला. ट्रेव्हर मात्र हसतमुख होता. ऋतानं शिकवलेलं "काकू" तो झकास म्हणत होता, आणि त्याचं ताट सारखं रिकामं होत होतं.

का कोण जाणे, गुरुदत्तांचं ताट आज रिकामं होत नव्हतं. कांचनचं मन मोठं झालेलं दिसतंय, असं समजून ते मुकाट्यानं जेवत राहिले. ताटात आलेल्या पोळीची चौकशी करण्याचे संस्कार त्यांच्यावर नव्हते.

जेवण आटोपलं. कांचनताई ट्रेव्हरला अंगण दाखवायला घेऊन गेल्या.

"पोरगा खाणारा आहे. डोळे झाकून घे," गुरुदत्तांनी निर्णय दिला.

हॅरिसनं मान हलवली. "उलट बोललात. एका बाईंना 'नाही' म्हणणं त्याला जमलं नाही. मैदानावर काय ठरवणार?" हे म्हणताना त्याला धड वाकताही येत नव्हतं.

ऋताचा चेहरा पडला. गुरुदत्त तडक उठले. "थांबा, पुरावा आहे!" असं म्हणत त्यांनी फोन आणला आणि व्हिडिओ थेट टीव्हीवर लावला. "बघा, किती शांतपणे जेवतोय."

पडद्यावर ट्रेव्हरनं कांचनताईंकडे बघून विचारलं, "काकू, व्हॉट्स दॅट स्मेल?" कांचनताई कौतुकानं जायफळ आणायला वळल्या. त्याची नजर त्यांच्यावरच होती, हात मात्र उजवीकडे गेला आणि पोळी अलगद गुरुदत्तांच्या ताटात पडली. पुढची पोळी तशीच गेली. त्याच्या पुढचीही.

गुरुदत्त रिमोट शोधू लागले. तो हॅरिसनं कधीच ताब्यात घेतला होता.

"शब्द मागे घेतो! बघतोय एकीकडे, फेकतोय दुसरीकडे! आणि दर वेळी मोकळा माणूस बरोबर हेरलाय! ऋता, आपण हा पोरगा घेतोय!"

ऋतानं आनंदानं किंचाळून बाबांना मिठी मारली. गुरुदत्तांचा ऊर भरून आला. "मी म्हटलंच होतं! माझी पारख..."

"मोकळा माणूस ना?" दारातून आवाज आला. अंगणातून परतलेल्या कांचनताई टीव्हीकडे बघत होत्या. "चाळीस वर्षं झाली, हा माणूस कायम मोकळाच असतो."

त्यांनी खणातून शुगर मोजायचं मशीन काढलं.

"सकाळची वाट कशाला बघायची? करा पंजा पुढे."