झारी कुणाची?

गंजरावांनी सकाळपासून तीनदा बूट घातले आणि तीनदा काढले. बस नऊची होती आणि घड्याळात आत्ता कुठे साडेसात वाजत होते.

"अहो, बसा की जरा. बाग काही पळून जात नाही," बायको म्हणाली.

"बाग नाही, ऊन पळतं! फोटोला सकाळचंच ऊन लागतं. तुला काय कळणार?"

गंजराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे सांभाळतात. यांनी बागकामाची जुनी अवजारं सांभाळायला घेतली. गंजलेल्या कात्र्या, दांडा हरवलेली खुरपी, दात पडलेली दाताळी. घरभर गंज झाला तेव्हा शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. स्वतःची बाग म्हणाल तर नव्हती. बाल्कनीत बायकोच्या वीस-बावीस कुंड्या होत्या, पण त्यांच्याकडे गंजरावांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यांचा सगळा जीव होता एका नव्वद वर्षांच्या पितळी झारीत. ती काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. दर रविवारी मऊ फडक्याने ते तिला स्वतः पुसत. "पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही मी हिला," असं आल्यागेल्याला सांगताना त्यांची छाती फुगायची.

उद्या सकाळी नऊला संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. सलग दोन वर्षं पहिलं बक्षीस एका दंतवैद्याच्या घमेल्याला गेलं होतं आणि ते घमेलं गंजरावांच्या स्वप्नात येऊ लागलं होतं. यंदा मंडळाने प्रत्येक वस्तूचा नामांकित बागेतला फोटो मागितला होता. म्हणून ही धावपळ.

बागेच्या फाटकाशी पहारेकरी म्हणाला, "साहेब, सामानाची नोंद करून जा."

"येताना करतो, येताना!" गंजराव झारी पोटाशी धरून केव्हाच आत पोचले होते.

बाग खरोखरच डोळ्यांचं पारणं फेडणारी होती. बायको पहिल्याच वाफ्यापाशी रमली. गंजरावांनी मात्र झारी हौदाच्या काठावर ठेवली आणि कॅमेरा डोळ्याला लावून ते मागे सरकू लागले. मग डावीकडे. मग पुन्हा मागे. मग एका झुडपात. अंगाची पानं झटकून त्यांनी वर पाहिलं, तर हौदाच्या काठावर झारी नव्हती.

चार वाफे पलीकडे एक म्हातारा माळी त्यांच्या झारीने गुलाबांना पाणी घालत होता.

"अरे, अरे! ठेव ती खाली! पाणी काय घालतोस तिच्यात?"

"झारीत पाणी नाही घालायचं तर काय घालायचं, साहेब?" माळ्याने शांतपणे विचारलं. "बागेची झारी आहे. कुणीतरी उन्हात टाकून गेलं होतं."

आणि तो ती घेऊन अवजारांच्या खोलीत गेला. गंजराव मागोमाग धावले आणि दारातच थिजले. भिंतभर जुन्या कात्र्या, कुदळी, दाताळी. सगळी त्यांच्या संग्रहाहून जुनी आणि सगळ्यांना आजची ओली माती लागलेली. क्षणभर ते झारीही विसरले. खाली एका रांगेत झाऱ्या होत्या, एकाच घडणीच्या. माळ्याने त्यांचीही त्यांतच ठेवून दिली होती आणि ती कुठली ते त्यांना ओळखता येईना. तिला चिखल लागल्यावर ती कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

हा सगळा गोंधळ ऐकून मुख्य माळी आला. "आमच्या आठ आहेत," तो म्हणाला. "मोजा. आठच आहेत."

"पण माझी धरून आठ होतात!"

"एक गळत होती, ती डागायला दिली होती. ती परत आली असेल. तुमची गळते का?"

"गळते? माझी? शक्यच नाही!"

मुख्य माळ्याने एकेक झारी भरली. सात कोरड्या राहिल्या. आठवीच्या बुडाशी टप टप थेंब पडू लागले.

"ही बघा. न डागताच पाठवून दिली लेकाच्यांनी. म्हणजे आठही आमच्याच."

फाटकावरचा पहारेकरीही आता येऊन दारात उभा राहिला होता. "नोंद नसलेली वस्तू बाहेर जात नाही," तो म्हणाला. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ते हेच, असं गंजरावांना वाटलं. उद्या पुन्हा ते घमेलंच जिंकणार, या विचाराने त्यांना अक्षरशः रडू येऊ लागलं.

"काय झालं हो?" बायको हातात दोन रोपं घेऊन आली. तिने गळणारी झारी पाहिली आणि सरळ उचलली. "ही आमची. डाव्या सांध्यातून गळते. मी मेण लावते तिथे, ते उन्हात वितळलं असेल. अशी करंगळी दाबून धरायची."

तिने करंगळी दाबली, दारातल्या कोवळ्या रोपांवर झारी धरली आणि एकही पान न वाकवता रांग भिजवून टाकली. मुख्य माळी बघतच राहिला.

"तू... माझी झारी..." गंजराव पुटपुटले. "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. तुम्ही फिरायला गेलात की. प्लॅस्टिकच्या झारीने रोपं मोडतात हो."

"आणि किल्ली?"

"घड्याळामागची ना? ती कुणाला माहीत नाही?"

मुख्य माळ्याने पहारेकऱ्याला खूण केली. "जाऊ दे. बाईंचीच आहे. हात सांगतो."

पहारेकऱ्याने वही उघडली, मालकाच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं आणि गंजरावांकडे पेन रोखलं. "आणि हे?"

"हे माझ्यासोबत आलेत," बायको म्हणाली.

परतीच्या बसमध्ये झारी बायकोच्या मांडीवर होती आणि झारीत ती दोन रोपं. गंजराव तीन थांबे खिडकीबाहेर बघत चुळबुळत राहिले. चौथ्या थांब्याला त्यांनी घसा खाकरला.

"अगं, ऐकतेस का? उद्या प्रदर्शनाला... नेऊ का ही?"

बायकोने झारीतली रोपं सरळ केली.

"न्या की. पण साडेआठनंतर. सकाळी मला लागते."