अंगणातल्या चौदा पाट्या

रविवारी सकाळी वर्तमानपत्र उचलायला नेल्डा श्रागने दार उघडलं, तर अंगणात चौदा पाट्या उभ्या. ‘घर विकणे आहे.’ काही लाल, काही निळ्या, एक तर मक्याच्या कणसाचं चित्र असलेली. सगळ्या गावभरातल्या खऱ्याखुऱ्या विकाऊ घरांपुढून उपटून आणलेल्या. टॅलमन गावात फुटबॉलचा कोच हरायला लागला की लोक त्याला तोंडावर काही बोलत नाहीत. कॅन्ससची माणसं सभ्य. ती फक्त त्याच्या अंगणात पाट्या रोवून जातात.

नेल्डाने गाऊनची दोरी घट्ट केली आणि पाट्या मोजल्या. मागच्या रविवारी नऊ होत्या, त्याच्या आधीच्या रविवारी पाच. काल टॅलमन कॉलेजची पोरं सलग सातवा सामना हरली होती. गणित जमत होतं.

तिचा नवरा, कोच वेंडेल, आतून ओरडला, “किती गं?”

“चौदा.”

“एवढी घरं विकायला आहेत गावात? मंदीच आली म्हणायची.”

चर्चहून आल्या आल्या तो कॉलेजातल्या आपल्या खोलीत निघून गेला. दर रविवारी चार वाजेपर्यंत तो अंधारात बसून कालच्या सामन्याची फिल्म बघायचा. अमेरिकेतल्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळायचं असतं; आपला चेंडू घेतलेला पोरगा पळतो, त्याच्या अंगावर समोरची पाच दांडगी पोरं पडतात, वेंडेल फिल्म उलटी फिरवतो, पाचही जण उठतात, पोरगा मागे जातो, आणि पुन्हा पळतो, आणि पुन्हा पडतो. बावीस वर्षं तो हेच बघत आला होता. कधीतरी फिल्ममध्ये तरी पोरगा निसटेल, अशी त्याला आशा असावी.

बावीस वर्षांत नेल्डाची नऊ घरं झाली होती. कोच हरला की त्याला काढतात आणि जिंकला की दुसरीकडे बोलावतात. सामान दोन्ही वेळा तिलाच बांधावं लागायचं. एक खोका तर पहिल्या घरापासून तसाच चिकटपट्टी लावलेला फिरत होता. कशाला उघडायचा, पुन्हा बांधायचाच आहे. यंदा सप्टेंबरात मात्र तिने तो उघडला. त्यात आईची चिनी मातीची ताटं निघाली. तिने ती भिंतीतल्या कपाटात मांडली आणि स्वतःशी म्हणाली, बास. आता हे घर शेवटचं. मुलगी जोलीन पहिल्यांदाच एका शाळेत तीन वर्षं सलग टिकली होती, आणि गावच्या वाचनालयात नेल्डाच्या टेबलावर तिच्या नावाची लाकडी पट्टी लागली होती. मग पोरं हरायला लागली.

त्या दुपारी पाट्या उपटून गॅरेजपाशी नेऊन ठेवाव्यात म्हणून ती कोट चढवत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, अंगात बरा कोट, हातात मोजपट्टी. रस्त्यापलीकडे एक मोटार उभी होती आणि आत हनुवटीपासून डोक्यापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलेला एक भलामोठा पुरुष मान खाली घालून बसला होता.

“घर बघायचं होतं,” बाई म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय, पण तुम्ही इतक्या पाट्या लावल्यात, म्हटलं घाईत असाल.”

नेल्डा तोंड उघडून सांगणार होती, की बाई, ही आमची गावाने केलेली पूजा आहे. पण बाईचा चेहरा इतका सरळ होता, आणि आदल्या दिवसापासून आपल्याशी इतक्या सरळपणे कोणी बोललं नव्हतं, की तिच्या तोंडून निघून गेलं, “या ना. बघायला काय लागतंय.”

बाई आत आली. स्वयंपाकघराकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. जिन्याची रुंदी मोजली.

“कपाट जाईल. आमचं एक कपाट आहे, त्याने चार जिने मोडलेत.” मग तिने फोन पाहिला. “याची वायर न्हाणीघरापर्यंत पोचते का?”

“पोचते,” नेल्डा म्हणाली. तिने स्वतःच ती लांब करून घेतली होती. हरल्यावर वेंडेल टबात बसून फोन घ्यायचा.

“आणि या खिडकीतून स्टेडियमचा धावफलक दिसतो का हो? दिसत असेल तर राहू दे.”

नेल्डाने बाईकडे नीट निरखून पाहिलं. त्या खिडकीला तीन वर्षं तिने जाड पडदा लावला होता, तो याच कारणासाठी. जगात असा प्रश्न विचारणारी एकच जात.

“तुमचे मिस्टर फुटबॉल शिकवतात,” ती म्हणाली.

बाईच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आत गेली. “कोणी सांगितलं तुम्हाला? छे हो. ते... विम्याचं काम करतात.”

“कुठल्या कॉलेजात?”

बाई मटकन खुर्चीत बसली. तिचं नाव ट्वायला ब्रँट. “नाव सांगायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, नुसती बाहेरून घरं बघा, अशी ताकीद आहे हो आम्हाला. मिस्टरांनी तिकडे दाढ दुखते म्हणून रजा काढलीय. अकरा वर्षं सहायक होते, आता पहिल्यांदा मुख्य कोच होणार. इथल्या बिचाऱ्या कोचला अजून सांगितलेलं नाही म्हणतात. शनिवारचा शेवटचा सामना झाला की सांगणार.”

नेल्डाची नजर खुंटीवरच्या मफलरवर गेली, ती तिथेच राहिली. बिचारा कोच सकाळी दोन अंडी खाऊन, मफलर विसरून गेला होता. सहायकाच्या अंगणात कोणी पाट्या लावत नाही, म्हणून या बाईला त्या ओळखू आल्या नाहीत. पुढच्या वर्षी ओळखेल.

“तुम्हाला काय होतंय?” ट्वायला घाबरली.

“काही नाही. त्या बिचाऱ्या कोचची बिचारी बायको मी.”

ट्वायलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती रडायला लागली, म्हणून नेल्डाला रडता येईना. तिने ट्वायलाला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, कॉफी ठेवली, दालचिनीचा केक कापला आणि म्हणाली, “त्यांनाही बोलवा आत. गारठून मरायचे. आणि ते फडकं सोडायला सांगा, खरंच दाढ दुखायला लागेल.”

फडकेवाला आत आला, नेल्डाला पाहिलं आणि उंबऱ्यातच थिजला. “मिसेस श्राग!”

“रॉइस?”

रॉइस ब्रँट! वेंडेलच्या पहिल्या नोकरीतल्या संघातला, कायम राखीव, कायम भुकेला पोरगा. तिच्या स्वयंपाकघरात त्याने दोन वर्षं बटाटे खाल्ले होते.

“मी नाही म्हणत होतो हो,” रॉइस फडक्याआडून पुटपुटला. “शप्पथ. कॉलेजवाले म्हणाले, तू नाही तर दुसरा येईल. मग म्हटलं, दुसऱ्यापेक्षा मी बरा.”

“बस. केक खा,” नेल्डा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

इकडे समोरच्या फ्रीडा पेनरने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. कोचचं घर गिऱ्हाइकाला दाखवतायत, म्हणजे काढल्याचं कोचला कळलं, अशी तिने अटकळ बांधली आणि थेट क्रीडासंचालक ओरिन टेबरला फोन करून विचारलं, की तुम्ही आम्हा गावकऱ्यांच्या आधी त्याला कसं काय सांगितलंत? ओरिन जेवणावरून उठला. दहा मिनिटांत तो नेल्डाच्या दारात, गळ्यात रुमाल तसाच.

“नेल्डा, तुम्हाला कोणी सांगितलं? हे बघा, अजून काहीही ठरलेलं नाही, आणि नवा माणूस कोण हे तर मलाही...” बोलत बोलत तो स्वयंपाकघरात आला. नवा माणूस केकचा तिसरा तुकडा खात होता.

ओरिनने गळ्यातला रुमाल काढून कपाळ पुसलं. “रॉइस, नुसती बाहेरून घरं बघायला सांगितली होती रे.”

“बाहेर पाट्या होत्या, सर.”

“वेंडेल कुठाय?”

“चारला येईल,” नेल्डा म्हणाली.

“देवाची कृपा. चला, उठा, मागच्या दाराने...”

पुढचं दार उघडलं. “नेल्डा! प्रोजेक्टरचा बल्ब गेला गं!” म्हणत वेंडेल आत आला आणि उभा राहिला. त्याने रॉइसकडे पाहिलं, ट्वायलाच्या हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं, ओरिनच्या रुमालाकडे पाहिलं. नेल्डाला वाटलं, आता जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं, निदान तळघरात तरी.

“कळलं,” वेंडेल हळूहळू म्हणाला. “सगळं कळलं मला.”

ओरिन मागच्या दाराकडे एक पाऊल सरकला.

“ओरिन, लबाडा! महिनाभर सहायक दे म्हणून मी तुझ्या दारात बसलो, तू नाही नाही म्हणालास, आणि गुपचूप माझाच रॉइस आणून बसवलास?” त्याने रॉइसला मिठी मारली. “गाढवा, किती सुटलायस! आणि या मिसेस का? या हो, बसा. घर बघताय वाटतं? आमच्या जवळच बघा.”

“वेंडेल...” ओरिन म्हणाला.

“आभार नंतर मानतो. रॉइस, इकडे ये.” वेंडेलने टेबलावरचं मीठ, मिरी, साखर पुढे ओढली. “हे बघ, मीठ म्हणजे आपला चेंडूवाला. पुढच्या वर्षी त्याला डावीकडून न्यायचं. ही बचावफळी मी बघतो, ती पोरं माझ्या हाताखालची आहेत, घराघरातून मी आणलीत, माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. बाकीचं तू बघ. तू आणि मी! सात सामने काय, सत्तर हरलो असतो तरी तू आल्यावर दुःख नाही.”

नेल्डाला हे बघवेना. माणसाला काढून टाकलंय आणि तो मिठाची बाटली डावीकडून पळवतोय. तिने डोळ्यांनी रॉइसला खुणावलं, की सांग बाबा, तूच सांग. रॉइसच्या कपाळावरून फडक्यात घाम उतरत होता. साखरेने मिरीला अडवलं तेव्हा त्याचा बांध फुटला.

“कोच, मी तुमच्या हाताखाली नाही आलोय! तुमच्या जागी आलोय.”

वेंडेलचा हात थांबला. त्याने मीठ आडवं होऊ नये म्हणून हलकेच जागेवर ठेवलं.

“अस्सं,” तो म्हणाला. मग मिरी आणि साखरही एकेक करून मूळ जागी ठेवली. ट्वायला पुन्हा रडायला लागली.

“पण तुम्ही कुठे जायचं नाही!” रॉइस उभा राहिला. “बचावफळी तुम्हीच बघायची. तुम्ही आत्ताच म्हणालात, तुमच्याशिवाय ती पोरं कोणाचं ऐकत नाहीत. सर, कोच राहणार असतील तर मी येतो. नाहीतर माझी दाढ बरी झाली, मी चाललो परत.”

ओरिनने एकदा रॉइसकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. समोर फ्रीडाचा पडदा हलत होता. “राहू दे, राहू दे,” तो घाईघाईने म्हणाला. “उत्तम कल्पना आहे. माझ्याच मनात होती.”

“हे घर सोडावं लागेल का?” वेंडेलने क्षीण आवाजात विचारलं.

“छे, कोच!”

“मग नेल्डा म्हणेल तसं.”

नेल्डाने होकाराची मान हलवली. मग रॉइसच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

सगळे गेल्यावर ती कपबशा धुऊ लागली आणि वेंडेल शेजारी उभा राहून पुसू लागला. बावीस वर्षं मुख्य कोच, आता आपल्याच पोराच्या हाताखाली. शनिवारी सगळं गाव बोट दाखवेल. तिला त्याच्याकडे बघवेना.

“फार लागलं का रे मनाला? असं अचानक कळलं म्हणून.”

“अचानक कुठलं? गुरुवारीच कळलं. ओरिनने जोलीनची चौकशी केली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला तीन ठिकाणांहून काढलंय, नेल्डा. काढायच्या आधी सगळे पोराबाळांची चौकशी करतात.”

तिचा हात पाण्यातच राहिला. “आणि बल्ब?”

“बल्ब ठणठणीत आहे. करमेना म्हणून लवकर निघालो, तर कोपऱ्यावरून परक्या राज्याच्या नंबराची मोटार दिसली. मग आपल्या खिडकीत रॉइस दिसला. फडकं बांधून खात होता. तो पोरगा कसाही लपला तरी खाण्यावरून ओळखू येतो. मग दहा मिनिटं गाडीत बसून विचार केला. मी रागावलो असतो तर तो माफी मागून सुटला असता. प्रेमाने वागलो तर त्याला सुटता येणार नव्हतं.”

नेल्डा वळून त्याच्याकडे बघतच राहिली. “अख्खा मोसम गेला रे तुझा. असा एक फसवा डाव शनिवारी का नाही टाकलास?”

“शनिवारी समोरची पोरं बघत असतात माझ्याकडे. इथे सगळे लाजून खाली बघत होते.”

ती हसली, मग थोडं रडली, मग ओल्याच हाताने तिने त्याच्या कॉलरवरचा केकचा कण काढला. म्हणजे घर राहिलं. जोलीनची शाळा राहिली.

“रॉइसला किती वर्षांसाठी घेतलंय?”

“तीन.”

“म्हणजे तीन वर्षं आपण इथून हलत नाही.”

“तो जिंकला तर.”

“जिंकेल ना रे? हुशार वाटतो.”

वेंडेल हातातली बशी पुसत होता. ती कधीच कोरडी झाली होती, तरी पुसत राहिला.

“त्याला जे काही येतं ना,” शेवटी तो म्हणाला, “ते सगळं मीच शिकवलंय.”