बाजूचं रिकामं

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत लग्न असो की बारसं, फोटो अशोककाकाच काढणार, आणि प्रत्येक फोटो दोनदा काढणार. एक माणसांचा, दुसरा त्यांच्या बाजूच्या रिकाम्या जागेचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एका पानावर आम्ही दोघं आहोत आणि पुढच्या पानावर नुसती भिंत. बायको अजून विचारते, "ह्या भिंतीनं आहेर काय दिला होता?"

काका खगोलशास्त्राच्या एका संस्थेतून निवृत्त झालेले. ताऱ्यांच्या मधली धूळ हा त्यांचा विषय. ही धूळ गार आणि काळोखी. डोळ्यांना दिसत नाही, पण ताऱ्याच्या उबेनं जरा तापली की अवरक्त किरणांत मिणमिणते. "पण आपली दुर्बीण गरम, वरची हवा गरम," काका सांगायचे. "त्या उकाड्यात धूळ गावणार कशी? म्हणून एकदा धूळ बघायची, एकदा बाजूचं रिकामं आकाश. रिकामं वजा करायचं. उरेल ते खरं!"

हे खूळ घरातही होतं. वडा तिखट आहे म्हटलं की, "नुसता पाव खाऊन बघितलास?" शांताकाकीला ताप आला की आधी भिंतीला हात लावणार, मग तिच्या कपाळाला. काकी म्हणायची, "गोळी पण आधी भिंतीलाच द्या."

गेल्या थंडीत काकी न्यूमोनियानं गेली, चार दिवसांत. त्या तापातही काकांनी आधी भिंतीलाच हात लावला होता. हे त्यांनीच मला सांगितलं आणि कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, तिच्या स्मरणाच्या वंदनेला, समोर ठेवायला तिचा फोटो हवा होता. लग्नातला वाळवीनं खाल्लेला, आधार कार्डावरचा तिचा तिलाच ओळखू यायचा नाही. कॉम्प्युटरवर अख्खी चाळ सापडली, काकी नाही. काका घामाघूम झाले. "असेल रे. दर वेळी माझ्याबरोबर तर असायची."

शेवटी मी रिकाम्या जागांचे फोटो उघडले.

"त्यात काय असणार?" काका म्हणाले.

पहिल्याच भिंतीच्या कडेला एक हात होता. पुढच्या फोटोत पदर. त्याच्या पुढच्यात अर्धा चेहरा, ओरडताना तोंड उघडलेलं. मला आठवलं, काकांच्या रिकाम्या जागेत कोणी शिरू नये म्हणून काकीच राखणीला उभी राहायची. "सरका रे, सरका!" म्हणत सगळ्यांना हाकलायची. आयुष्यभर काका जे वजा करत आले, त्यातच ती होती. काका ढसाढसा रडले. मलाही आवरलं नाही.

तोच अर्धा चेहरा आम्ही फ्रेम केला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर काकांनी त्या फ्रेमचा फोटो काढला आणि सवयीनं मोबाईल बाजूच्या भिंतीकडे वळवला. तिथून पाहुण्यांची ये-जा चालली होती. त्यांना थोपवायला कोणी नव्हतं. मी उठलो, हात आडवा धरला आणि म्हणालो, "सरका रे, सरका!"

काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. मोबाईल खाली घेतला.

"नको रे," ते म्हणाले. "येऊ दे त्यांना. आता काही वजा नको करूया."