तळघरातल्या झाडाची बदली

"साहेब, त्या खोलीत माणूस काय, झाडसुद्धा जगणार नाही!"

रेकॉर्डकीपर भाऊ अकरा वर्षं हेच सांगत होते. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीतून वरच्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर बदली मिळावी, एवढंच त्यांचं मागणं. या खेपेला मात्र साहेबांनी त्यांना शब्दात पकडलं.

"मग ठेवून बघा झाड. महिन्याभरात मेलं, तर खिडकी तुमची."

भाऊ घरी आले ते बदलीची ऑर्डर खिशात असल्यासारखे. बायकोची बाल्कनी कुंड्यांनी गच्च भरलेली होती.

"अगं, यातलं सगळ्यात नाजूक झाड दे. लवकर मरणारं."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कुंड्यांकडे. मग उभ्या, जाड पानांचं एक झाड पुढे केलं.

"हे न्या. एक दिवस पाणी चुकलं ना, की संपलंच बघा."

भाऊंनी एक दिवस नाही, अख्खा महिना पाणी चुकवलं. कुंडी कपाटामागे कोंबली. शिपायाला दया येऊन तो तांब्या घेऊन आला, तर त्यालाही पिटाळलं. "हात लावायचा नाही! साहेबांचा प्रयोग आहे."

तिसाव्या दिवशी साहेब खाली उतरले. भाऊंनी चेहरा पाडून कुंडी बाहेर ओढली आणि चेहरा खरोखरच पडला. झाड ताठ उभं होतं. वर मधोमध एक कोवळं पान फुटलं होतं.

"वा! खोली चांगलीच मानवलीय की," साहेब खूष झाले. "पण असलं गुणी झाड इथे कशाला? वर न्या. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा."

अकरा वर्षांचा अर्ज झाडाने महिन्याभरात मंजूर करून घेतला होता. भाऊंना रडूच यायचं बाकी होतं.

"नाजूक म्हणाली होतीस!" घरी येऊन ते बायकोवर उखडले.

"मी पाळलेलं झाड मारायला देईन होय? त्याला अंधार चालतो, उपास चालतो. पाणी जास्त झालं की मात्र कुजतं. तुम्ही घालणार नाही, ही खात्री होती मला."

इकडे ऑफिसात वर झाडाचे लाड सुरू झाले. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला पाणी पाजू लागला. भाऊ रोज जिन्यातून बघत आणि चकार शब्द काढत नसत. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून लोळायला लागली. साहेबांनी भाऊंना बोलावून घेतलं.

"तुमच्याकडे कसं ताठ होतं! काय करत होतात हो?"

"काहीच नाही, साहेब."

एवढं खरं भाऊ ऑफिसात कधी बोलले नव्हते. साहेबांना तो विनय वाटला.

"ते काही नाही. उद्यापासून तुम्ही इथेच बसायचं. झाड वाचलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी भाऊ ऐटीत खिडकीजवळ बसले. ऊन थेट तोंडावर आलं. डोळ्यांना पाणी सुटलं, फायलीतलं अक्षर दिसेना, टाळू तापली. दहा मिनिटांत ते उठले आणि त्यांनी पडदा करकचून ओढून घेतला.

"भाऊ, अहो उजेड!" साहेब दारातून ओरडले.

"झाडाला सोसत नाही, साहेब," डोळे पुसत भाऊ ठामपणे म्हणाले. "आणि तेवढी ट्यूबलाइट लावायला सांगा."