व्हिएन्ना ते झुरिक, लय न्हाई

व्हिएन्नाहून झुरिकला विमानानं किती वेळ लागतो, हे आमच्या पलूसमध्ये भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. श्रेय शेजारच्या शालनकाकूंचं. काकूंनी स्वतः विमान पाहिलंय ते आभाळातच, पण कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता त्या सांगणार, "सहाशे किलोमीटर हाय. इमान सव्वा-दीड तासात नेतंय!" मग हात उडवून, "लय न्हाई!"

एकदा मी त्यांना फोनवर नकाशा दाखवला. मधला आल्प्स पर्वत पाहून काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"येवढं डोंगर... आन् वरनं जातंय?"

"वरूनच, काकू."

"मानूस काय काय करतोय, न्हाई?" डोंगरांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "आन् आमच्या पोरींना येवढं जमंना."

पोरी दोन. थोरली उज्ज्वला व्हिएन्नात, धाकटी तेजू झुरिकला. काकांच्या तेराव्याला तेजूला येता आलं नाही. उज्ज्वला तिला फोनवर नको ते बोलली आणि दोघींनी अबोला धरला. काकूंनी समजावलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "बोलून व्हत न्हाई. आता खायला घालून बघती."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन मी सांगलीला कुरियरच्या दुकानात गेलो. उज्ज्वलाला कांदा-लसूण मसाल्याशिवाय जेवण जात नाही. तेजूचा जीव शेंगदाण्याच्या चटणीत. काकूंनी चटणीच्या डब्यावर उज्ज्वलाचा पत्ता लावला आणि मसाल्याच्या डब्यावर तेजूचा.

"काकू, पत्ते उलटे झालेत."

"आवं भाऊ, बराबर हायती. तुमी गप ऱ्हावा."

तिथूनच दोघींना फोन गेले. "बदलून घ्यायचं तर सोता जायाचं, हातानं द्यायचं. पोष्टानं धाडलंस तर फुडल्या साली चिमूटबी न्हाई!"

मी थक्क होऊन बघत राहिलो. दोन देशांतला तह असा डब्यांत भरता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली. जाऊन बघतो तर फोनवर दोन्ही पोरी एकाच सोफ्यावर. आईनं कुणाला जास्त दिलं, यावरून कडाक्याचं भांडण चाललेलं. भांडता भांडता उज्ज्वला हसली आणि हसता हसता रडायला लागली. तेजूनं तिला जवळ ओढलं. काकूंनी हळूच फोन बंद केला.

"अहो काकू, बोला की!"

"नगं. त्यांचं चाललंय न्हवं? आपून कशाला मधी?"

परवा मी सहज विचारलं, "काय म्हणतात पोरी?"

"लय ग्वाड चाललंय. सारख्या जात्यात-येत्यात." काकूंनी पदरानं फोनची काच पुसली. "आदी शनवारी थोरलीचा फोन यायचा, आयतवारी धाकटीचा. एकमेकीची गाऱ्हाणी सांगत तास-तास बसायच्या. आता त्या एकमेकीलाच करत्यात. मला दोघींचा मिळून येकच येतोय."

मग काकूच म्हणाल्या, "झालं की मनासारखं." आणि मी उठायच्या आत स्वयंपाकघराकडे वळल्या. "चा ठिवते. बसा की वाईच."